गाइड ४५ अंश सांगतो आणि एक्स-रे ५२ दाखवतो, तेव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रिया करताय. रुग्णाला कुशीवर झोपवता आणि मागच्या बाजूने सांधा उघडता. कप, म्हणजे सांध्याच्या वाटीत बसणारा कृत्रिम भाग, ठोकताना त्याच्या दांड्याला लावलेला अलाइनमेंट गाइड (कोन दाखवणारी सळी) जमिनीशी समांतर ठेवता, म्हणजे इन्क्लिनेशन, कप किती उभा आहे तो कोन, ४५ अंश यायला हवं. पण गेल्या काही एक्स-रेंत ते ५० च्या पुढे निघालं, आणि एकात तर ५२. गाइड बिघडलाय, हात चुकतोय, की नॅव्हिगेशन (कॅमेरा आणि संगणकाने कोन दाखवणारी यंत्रणा) किंवा रोबोटशिवाय आता हे जमणारच नाही, असं तुम्ही विचारलंय. पायाच्या लांबीबद्दल एक ओळ आहे, आणि शेवटी त्या ५२ अंशांच्या रुग्णाचं काय करू, हेही आहे.

मला वाटतं, गाइड बिघडलेला नाही आणि तुमचा हातही चुकत नाही. गाइडने सांगितलेले ४५ अंश खरेच आहेत, पण ते जमिनीच्या हिशेबाने. एक्स-रेवर तुम्ही मोजता ते पेल्विसच्या, म्हणजे कमरेच्या हाडाच्या, हिशेबाने. तुमचे सात अंश या दोन हिशेबांच्या मधे गेलेत. म्हणून कुठलंही साधन हातात घेताना, मग ते दोन सळ्यांचं असो की रोबोटचं, मी आधी हेच बघते की ते कोन कशाशी ताडून सांगतंय. याचं उत्तर माहीत नसेल तर साधन कितीही महागडं असलं तरी त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

आधी निव्वळ भूमितीचा भाग, कारण सात अंशांतले दोन-तीन इथेच सापडतात. इन्क्लिनेशन म्हणजे कप किती उभा आहे आणि अँटीव्हर्जन म्हणजे त्याचं तोंड किती पुढे वळलंय, हे आपण सगळे म्हणतो. पण हे कोन मोजायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत: ऑपरेशनच्या टेबलावरची, एक्स-रेची आणि शरीररचनेची. मरे यांनी १९९३ मध्ये या तिन्ही व्याख्या आणि त्यांच्यातलं गणित नीट मांडलं. दांडा जमिनीशी ४५ अंशांवर धरला आणि २० अंश पुढे वळवला, तर एक्स-रेवर इन्क्लिनेशन सुमारे ४७ येतं. २५ अंश वळवला तर ४८. पेल्विस अगदी नाकासमोर सरळ असली तरीही. अँटीव्हर्जनचा घोळ तर याहून मोठा आहे. एक्स-रेवर ४० आणि १५ अंशांत बसलेला कप घ्या. तोच कप ऑपरेशनच्या व्याख्येत सुमारे १९ अंश वळलेला असतो, आणि सीटीच्या आडव्या छेदावर, शरीररचनेच्या व्याख्येने, सुमारे २३. कप एकच, आकडे तीन. दोन सर्जन चर्चेत ‘मी २० अंश देतो’ म्हणतात तेव्हा दोघांच्या मनात एकच कप असतो असं नाही.

आता उरलेले चार-पाच अंश. ते पेल्विसकडे आहेत. रुग्णाला कुशीवर झोपवलं की वरची मांडी आतल्या बाजूला झुकते, स्नायू ताणले जातात आणि पेल्विसची वरची बाजू हळूच पायांकडे ओढली जाते. बाहेरून हे फारसं दिसत नाही. पण पेल्विसचा वरचा भाग जितके अंश पायांकडे कलला तितके अंश तुमचा कप पेल्विसच्या मानाने जास्त उभा बसतो. गाइडला यातलं काही कळत नाही, कारण त्याला फक्त जमीन दिसते. ४५ ठरवले, भूमितीने ४७-४८ झाले, पेल्विस चार अंश कलली, की ५२ आलेच.

म्हणून माझा पहिला सल्ला नव्या साधनाचा नाही. तुमच्या ऑपरेशन थिएटरमधलं अलाइनमेंटचं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे रुग्णाला कुशीवर धरून ठेवणारे आधार. जघनास्थीवरचा (पेल्विसच्या पुढच्या हाडावरचा) पुढचा आणि सेक्रमवरचा (कण्याच्या तळाच्या हाडावरचा) मागचा. ही तयारी पुष्कळदा सहाय्यकावर सोपवली जाते आणि सर्जन तोवर हात धुवायला गेलेला असतो. मी तसं करत नाही. आधार घट्ट झाले की मी रुग्णाच्या पाठीमागे उभी राहते आणि दोन्ही बाजूंच्या इलियाक (कमरेच्या कडेच्या) हाडांची पुढची टोकं एका उभ्या रेषेत आहेत का ते हाताने चाचपून बघते. मग टेबलाच्या पायथ्याशी जाऊन कंबर डोक्याच्या किंवा पायांच्या दिशेने कललीय का ते पाहते. आणि शेवटी वरच्या खुब्याला तळहाताने चांगला पुढे-मागे धक्का देते. आत रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं साधन) लागल्यावर जेवढा जोर येणार आहे, निदान तेवढा. त्या धक्क्यात कंबर हलली तर आधार पुन्हा लावते. जाड रुग्णांत पुढचा आधार पोटाच्या चरबीवर बसतो आणि हाडापर्यंत पोचतच नाही. तिथे तो हाताने चरबी बाजूला सारून लावावा लागतो. यात पाच मिनिटं जातात. ती मी कधीच वाचवत नाही.

या पाच मिनिटांचं मोल मला एका रुग्णाने शिकवलं. माझी सुरुवातीची वर्षं होती. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, एक्स-रेवर इन्क्लिनेशन ४३, मी निर्धास्त. तिसऱ्या आठवड्यात बुटक्या खुर्चीवरून उठताना सांधा मागच्या बाजूला निखळला. बसवला, महिन्याभरात पुन्हा निखळला. सीटी काढला तेव्हा दिसलं की कपचं तोंड पुढे वळलेलंच नव्हतं, जवळजवळ सरळ बाहेर बघत होतं. मी तर गाइड बघून २० अंश दिले होते. झालं असं होतं की मांडीचं हाड पुढे सारण्यासाठी लावलेल्या रिट्रॅक्टरने सगळी पेल्विस पुढे लोळवली होती. पेल्विस १५ अंश पुढे वळली आणि मी जमिनीच्या हिशेबाने २० अंश दिले, तर पेल्विसला मिळाले पाचच. कप पुन्हा बसवावा लागला. त्या रुग्णाला दोनदा भूल आणि दोनदा चिरा सोसावा लागला तो मी जमिनीवर भरवसा ठेवल्यामुळे. तेव्हापासून कप ठोकायच्या आधी पुढच्या रिट्रॅक्टरवरचा जोर सैल करायला सांगते आणि मगच दांडा धरते.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासून बघा. कप आडवा बसवायचा तर दांडा खाली, पायांच्या दिशेने झुकवावा लागतो. चिरा लहान असेल किंवा मांडी जाड असेल तर जखमेची खालची कड दांड्याला वर ढकलते. तुम्ही दांडा धरता तेव्हा तो बरोबर असतो, हातोडीचा पहिला घाव बसतो आणि मऊ ऊती त्याला दोन-तीन अंश उचलतात. चिरा खालच्या अंगाला दोन सेंटिमीटर वाढवणं यात काही कमीपणा नाही. वाकडा दांडाही मिळतो, तो या कडेला वळसा घालून जातो. शिवाय ठोकताना कप स्वतःच सरकू शकतो, कारण वाटीची वरची बाजू कठीण झालेली असते आणि खालची मऊ. म्हणून कोन शेवटच्या घावानंतर पुन्हा बघायचा, आधी बघून समाधान मानायचं नाही.

मग दांडा किती अंशांवर धरायचा? एक्स-रेवर ४० हवे असतील आणि २० अंश पुढे वळवणार असाल, तर भूमितीनेच ३८ होतात. त्यातून पेल्विस कलण्याचे तीन-चार वजा करा. मी कुशीवरच्या रुग्णात दांडा जमिनीशी ३५ अंशांच्या आसपास धरते. डोळ्याने ३५ आणि ४५ मधला फरक ओळखता येतो असं प्रत्येकाला वाटतं, पण हिरव्या कापडाखाली झाकलेल्या शरीरावर, वाकून उभं राहून, तो ओळखता येत नाही. इथे दांड्यावर बसणारा साधा इन्क्लिनोमीटर फार उपयोगी पडतो. तो गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने कोन सांगतो. म्हणजे त्याचाही संदर्भ जमीनच, पण निदान तुमच्या नजरेचा दोष तरी मधून निघून जातो.

आता ज्या साधनांचा संदर्भ जमीन नसून रुग्णाचं स्वतःचं हाड आहे, त्यांच्याकडे येते. ही साधनं विकत घ्यावी लागत नाहीत, ती जखमेतच असतात. पहिलं म्हणजे वाटीच्या तळाशी, खाचेवर आडवं ताणलेलं ट्रान्सव्हर्स लिगामेंट. पेल्विस कशीही लोळली तरी ते तिच्याबरोबरच लोळतं. कपची खालची कड या लिगामेंटला समांतर आणि त्याच्या कुशीत बसली तर अँटीव्हर्जन त्या रुग्णापुरतं बरोबर येतं. बेलफास्टच्या बेव्हरलँड यांच्या गटाने २००६ मध्ये १००० शस्त्रक्रियांची मालिका मांडली होती. तिच्यात लिगामेंटला प्रमाण मानून कप बसवले होते आणि सांधा निखळण्याचं प्रमाण ०.६ टक्के होतं. अडचण एवढीच की झिजलेल्या सांध्यात हे लिगामेंट बऱ्याचदा हाडाच्या वाढीखाली दडलेलं असतं. छिन्नीने ती वाढ हळूहळू उडवत गेलं की पांढरी, चकचकीत, दोरीसारखी पट्टी उघडी पडते. बोटाने दाबली तर ती ताणलेली लागते. हाडाच्या वाढीलाच लिगामेंट समजून कप बसवला तर मात्र तो खाली आणि भलत्याच वळणावर जातो. आणि जन्मतः उथळ वाटी असेल तर या खुणेवर एकटीवर विसंबू नका.

लिगामेंट इन्क्लिनेशन सांगत नाही, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी मी वाटीची वरची बाहेरची कड वापरते. शस्त्रक्रियेआधी टेम्प्लेटिंग करताना, म्हणजे एक्स-रेवर सांध्याचा आराखडा काढताना, ४० अंशांवर कप काढला की त्याची वरची कड हाडाच्या किती बाहेर डोकावते ते मोजून ठेवते. समजा पाच मिलिमीटर. ऑपरेशनमध्ये तेवढीच पट्टी उघडी दिसली पाहिजे. कप वरच्या कडेला हाडाशी अगदी सपाट बसला असेल आणि टेम्प्लेटमध्ये पाच मिलिमीटर उघडा होता, तर एकतर तो फार आत गेलाय किंवा उभा बसलाय. तुमच्या ५२ अंशांच्या रुग्णाचं टेम्प्लेट आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे शेजारी ठेवून बघा, ही पट्टी नाहीशी झालेली दिसेल असा माझा अंदाज आहे. पुढच्या बाजूलाही एक नजर हवी. कपची कड पुढे हाडाबाहेर आली तर सोअस स्नायूचा कंडरा तिच्यावर घासतो आणि मांडी उचलताना जांघेत दुखत राहतं.

स्टेमबद्दल, म्हणजे मांडीच्या हाडात बसणाऱ्या भागाबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कप एकटा काही ठरवत नाही. सिमेंटशिवायचा स्टेम मांडीच्या हाडाच्या पोकळीप्रमाणे वळतो, तिथे आपल्याला फारसा वाव नसतो. एखाद्याचा स्टेम पाचच अंश पुढे बसतो, एखाद्याचा पंचवीस. म्हणून कप आणि स्टेम यांची बेरीज बघायची, ती साधारण २५ ते ५० अंशांत असावी. बेरीज मोजायचं साधनही फुकट आहे. ट्रायल (तात्पुरते भाग) बसवल्यावर पाय हळूहळू आत फिरवत न्यायचा आणि हेडचा (स्टेमवरच्या गोळ्याचा) सपाट तळ कपच्या तोंडाशी समांतर झाला की थांबायचं. पाय जितका आत फिरला तितकी बेरीज. गुडघा काटकोनात वाकवलेला असला की नडगीच कोनमापकाच्या काट्यासारखी दिसते. अनेक सर्जन याच कारणाने आधी मांडीच्या हाडाची तयारी करतात, स्टेमचं वळण बघतात आणि त्याप्रमाणे कप बसवतात. मला ही पद्धत पटते, विशेषतः ज्यांच्या मांडीच्या हाडाचं वळण मुळातच वेगळं आहे अशांत.

नॅव्हिगेशनकडे वळण्याआधी, आपण ज्या आकड्याच्या मागे आहोत तो कुठून आला हे सांगायला हवं. लेविनेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ३०० सांध्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले नऊ निखळले होते. इन्क्लिनेशन ४० अधिक-उणे १० आणि अँटीव्हर्जन १५ अधिक-उणे १० या चौकटीत बसलेल्यांत निखळण्याचं प्रमाण १.५ टक्के आणि बाहेरच्यांत ६.१ टक्के होतं. हीच ती ‘सुरक्षित चौकट’. नऊ सांध्यांवर उभी राहिलेली ही चौकट पुढे कित्येक दशकं प्रमाण मानली गेली. नंतर २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने निखळलेले २०६ सांधे तपासले, तर त्यातल्या ५८ टक्क्यांचे कप या चौकटीच्या आतच होते. याचा अर्थ चौकट निरुपयोगी आहे असा नाही. फार उभा कप कडेवर भार घेतो, लायनर (कपमधलं अस्तर) लवकर झिजतो, सिरॅमिकचा सांधा वाजू लागतो, हे सगळं खरंच आहे. पण चौकटीत बसला म्हणजे सुटलो, असं नाही.

याचं एक मोठं कारण पाठीच्या कण्यात आहे. माणूस उभ्याचा बसतो तेव्हा पेल्विस साधारण २० अंश मागे लोळते आणि कपचं तोंड आपोआप पुढे उघडतं, म्हणून मांडी पोटाकडे आली तरी हाड कडेवर आपटत नाही. पेल्विस एक अंश मागे गेली की अँटीव्हर्जन सुमारे ०.७ अंशाने वाढतं. ज्यांच्या कमरेचे मणके स्क्रूने जोडलेले आहेत किंवा आखडलेत त्यांच्यात हे लोळणं होत नाही. त्यांचा कप टेबलावर कितीही अचूक असला तरी खुर्चीत चुकीचा ठरू शकतो. अशा रुग्णांचे मी उभ्याने आणि बसून असे बाजूने घेतलेले दोन एक्स-रे काढते. सेक्रमचा उतार दोहोंत १० अंशांपेक्षा कमी बदलला तर कणा ताठ समजते. तिथे थोडं जास्त अँटीव्हर्जन देते किंवा ड्युअल मोबिलिटी (दोन ठिकाणी फिरणारा) कप वापरते. तो फ्रान्समध्ये बूस्के यांनी १९७० च्या दशकात बनवला तेव्हापासून निखळण्याच्या भीतीवर चांगलं उत्तर ठरलाय.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नॅव्हिगेशन घ्यावं का. सीटी न लागणाऱ्या नॅव्हिगेशनमध्ये पेल्विसच्या हाडात पिना बसवून त्यावर ट्रॅकर लावतात आणि कॅमेरा तो बघत राहतो. पेल्विस हलली तरी यंत्राला कळतं, हा त्याचा खरा फायदा. तुमचा त्रास नेमका हाच असल्यामुळे तुम्हाला त्याचा उपयोग होईल. पण त्याचा संदर्भ म्हणजे इलियाक हाडांची दोन टोकं आणि जघनास्थी यांतून जाणारं पुढचं पटल, आणि हे बिंदू तुम्हीच कातडीवरून टोचून दाखवायचे असतात. जघनास्थीवर चरबीचा थर जाड असेल तर यंत्र ती चरबीच हाड समजतं. पटल कलतं आणि अँटीव्हर्जन काही अंशांनी चुकतं. स्क्रीनवर आकडा दशांशापर्यंत येतो म्हणून तो खराच वाटतो. म्हणून नोंदणी करताना सुई हाडाला टेकेपर्यंत दाबायची, यावर तडजोड नाही. पिनांच्या जागी दुखणं, क्वचित तिथून हाड मोडणं, वाढलेला वेळ, हेही हिशेबात धरा.

रोबोटचं काम वेगळं आहे. खुब्यात माणसावर वापरलेला पहिला रोबोट १९९२ चा, आणि तो मांडीच्या हाडाची पोकळी कोरायचा, कप बसवत नव्हता. आजची सीटीवर चालणारी यंत्रणा रुग्णाच्या पेल्विसचं त्रिमित चित्र बनवते. तुम्ही वाटीतल्या ठिकठिकाणी टोक टेकवून ते चित्र प्रत्यक्ष हाडाशी जुळवता आणि मग यंत्राचा हात रीमरला (वाटी कोरणाऱ्या साधनाला) ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. ठोकतानाही दांडा त्याच कोनात धरून ठेवतो. मघाशी सांगितलेली जखमेची कड इथे दांडा उचलू शकत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. फार चुकलेले कप या साधनांनी कमी होतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. हाताने ठेवलेल्या कपांबद्दल २०११ मधली १८२३ सांध्यांची एक अमेरिकी मालिका बघा. तिथे दोन्ही कोन ठरलेल्या टप्प्यात फक्त निम्म्याच रुग्णांत आले होते. तेव्हा मदतीची गरज नाही असं मी म्हणत नाही. मात्र रुग्ण किती चांगला चालतो, यात तितका ठळक फरक दाखवता आलेला नाही. आणि कुठला कोन हवा हे रोबोट ठरवत नाही, तो दिलेला कोन पाळतो. ताठ कण्याच्या रुग्णाला नेहमीचेच ४० आणि २० दिले, तर तो तेही अगदी अचूक बसवून देईल.

माझं मत विचारलंत तर उथळ वाटी, आधी प्लेट-स्क्रू बसलेली पेल्विस, आखडलेला कणा, फार जाड रुग्ण, यांत नॅव्हिगेशन किंवा रोबोट मिळत असेल तर जरूर वापरा. साध्या रुग्णांत ते हवंच का, हे तुम्ही वर्षाला किती सांधे करता, तुमची माणसं त्यात किती तयार आहेत आणि सीटीचं रेडिएशन त्या रुग्णाला कितपत योग्य आहे यावर अवलंबून आहे. पण आधी पेल्विस पक्की करा. ढिल्या आधारांवर नॅव्हिगेशन आणलंत तर यंत्र बंद पडेल त्या दिवशी तुम्ही पुन्हा ५२ वर असाल.

या दोन टोकांच्या मधे एक साधा उपाय आहे, तो लोक विसरतात: ट्रायल कप आत असताना एक एक्स-रे काढणं. पेल्विसच्या खालच्या भागातली दोन्ही ऑब्च्युरेटर छिद्रं सारखी दिसतात का ते बघा. सारखी नसतील तर पेल्विस लोळलेली आहे आणि त्या चित्रावरचा अँटीव्हर्जनचा आकडा फसवा आहे. उताणं झोपवून पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करणाऱ्यांना सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) सहज वापरता येतो. त्यांनीही शस्त्रक्रियेआधीच्या उभ्या एक्स-रेशी पेल्विसचा कल जुळवून मगच कोन वाचावा.

आणि उद्यापासून एक वही ठेवा. प्रत्येक रुग्णात काय ठरवलं होतं आणि एक्स-रेवर काय आलं, दोन रकाने. इन्क्लिनेशन दोन्ही टिअरड्रॉप (वाटीच्या तळाशी एक्स-रेवर दिसणारे थेंबासारखे आकार) जोडणाऱ्या रेषेशी मोजा. अँटीव्हर्जनसाठी कपच्या तोंडाची लंबवर्तुळाकार कड बघा. तिचा आखूड अक्ष १३ मिलिमीटर आणि लांब अक्ष ५० असेल तर कोन १५ अंश. पंचवीस-तीस रुग्णांनंतर तुमची चूक एकाच दिशेला आहे की दोन्हीकडे पसरलेली, ते दिसेल. एकाच दिशेला असेल तर ती साधन न बदलता दुरुस्त होते. तुमचे सगळे कप जास्त उभे येताहेत, त्यामुळे मला तीच शक्यता दिसते. दोन्हीकडे पसरलेली असेल तर पेल्विस दर वेळी वेगळी हलतेय, आणि तिथे नॅव्हिगेशन खरंच कामी येईल.

पायाच्या लांबीचं थोडक्यात. मी इलियाक हाडात एक पिन बसवते आणि सांधा निखळवण्याआधी तिथून मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावरच्या खुणेपर्यंत कॅलिपरने अंतर घेते. ट्रायल बसवल्यावर पुन्हा घेते. दोन्ही वेळा पाय तंतोतंत त्याच स्थितीत हवा. मांडी थोडी आत-बाहेर झाली तरी मोजमाप फसतं, म्हणून पहिल्या मोजणीच्या वेळी गुडघ्याखाली ठेवलेली उशी तीच आणि तशीच दुसऱ्या वेळी ठेवते. त्याशिवाय हेडचा मध्य उंचवट्याच्या टोकाशी कसा आहे ते टेम्प्लेटशी ताडते. सांधा ओढून किती सैल आहे हे बघायची चाचणी भुलेच्या प्रकारावर फार अवलंबून असते. तिच्या जोरावर मोठं हेड किंवा लांब मान घालत गेलात की पाय लांब होतो. सांधा सैल वाटत असेल तर आधी ऑफसेट (हेडच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या अक्षापर्यंतचं आडवं अंतर) कमी पडतोय का ते बघा.

आता तुमचा ५२ अंशांचा रुग्ण. फक्त आकड्यासाठी त्याला पुन्हा टेबलावर घेऊ नका. आधी एक्स-रे नीट आहे ना ते बघा, पेल्विस कललेली किंवा लोळलेली नाही ना. मग उभ्याने एक एक्स-रे काढा. सांधा कसा बसलाय हे महत्त्वाचं: हालचालीत कुठे अडतं का, बसताना भीती वाटते का, जांघेत दुखतं का. लायनर हल्लीच्या क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचा असेल आणि सांधा स्थिर असेल, तर मी अशा रुग्णाला वर्षातून एकदा बोलावते आणि दर वेळी हेड कपच्या मध्यावर आहे की वर सरकतंय, ते मोजते. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर सांध्यातून आवाज येतो का, हे आवर्जून विचारा आणि भेटी थोड्या लवकर ठेवा. त्याला स्पष्ट सांगा की कप ठरवल्यापेक्षा थोडा उभा बसलाय, त्यामुळे आज काही करायची गरज नाही, पण नियमित तपासणी चुकवायची नाही. आणि त्याचं टेम्प्लेट, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, तिन्ही तुमच्या वहीत पहिल्या पानावर लावा. मोजमापं कळवलीत तर मीही बघेन. पेल्विस कलली होती की कड दांडा उचलत होती, ते त्या तीन चित्रांतून बहुधा सांगता येईल.